अडीच घरांची उडी

मी राजा बोलतोय. हसू नका, हळदूच्या लाकडाचा असलो तरी राजाच, पांढऱ्या फौजेचा! राज्य हातभर पटाचं, आणि चालायचं म्हटलं तर एका वेळी एकच घर. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं मिळतात, मला नाही. आहे की नाही गंमत?

नाचणगावच्या कातार्‍यानं १९७२ साली मला कातून काढलं. माझे धनी लक्ष्मणराव, नालवाडीचे, कचेरीत कारकून. ते लहानपणापासून देशी बुद्धिबळ खेळलेले. त्या खेळात राजाला, शह लागायच्या आत, जन्मात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. त्या साली जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या आणि धन्यांनी देशी खेळ सोडला. जगाच्या नियमांनी खेळायचं म्हणून माझा नवा संच करून घेतला. राजाची उडी गेली. ती विसरायला त्यांना दोन वर्षं लागली.

मग एकच ध्यास. जिल्ह्यातून एक जण नागपूरच्या निवडीला जातो, तो आपण व्हायचं. दोनदा अंतिम डावात हरले. १९८५ आलं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार होते.

त्या साली सप्टेंबरपासून मॉस्कोत बावीस वर्षांचा एक जण जगज्जेत्याशी झुंजत होता. जगज्जेता चौतीस वर्षांचा. धनी रोज रेडिओला कान लावून बसत.

"जगज्जेता व्हाले उमर लागते. त्या पोट्ट्याचं काम नाई!"

"बाविसाव्या वर्षी तुमाले कोणी पोट्टं म्हटलं असतं, त चाललं असतं का?" मनकर्णाबाई, म्हणजे आमच्या धनीणबाई, चुलीजवळूनच टोला हाणत.

धन्यांची खरी धास्ती मात्र समोरच्या घरात राहत होती. शाळामास्तरांची मुलगी शरयू, पंधरा वर्षांची, पुस्तकातून खेळ शिकलेली. देशी खेळ तिनं कधी पाहिलासुद्धा नव्हता. जिल्ह्याच्या अंतिम डावात तीच समोर आली.

"तुले लई वर्षं आहेत पोरी, मले हे एकच," धनी तिला म्हणाले.

"मंग मी काऊन थांबू, काका?" ती म्हणाली. फटकळ पोरगी!

वर्ध्याच्या एका शाळेत डाव सुरू झाला. संच माझाच होता. तीन तास दोघांनी एकमेकांना हलू दिलं नाही. मग तिच्या काळ्या वजिरानं माझ्या दिशेनं वाट धरली आणि माझ्या अंगावर काटा आला. धन्यांच्या घड्याळात चार मिनिटं उरली. कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांचा हात आला, मला उचललं आणि थेट अडीच घरं पलीकडे ठेवलं.

"वा रे वा, काय उडी मारली!" रूपराव ओरडले. पंच तेच, पण तेही देशी खेळातच वाढलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणालाच चूक दिसली नाही.

खरं सांगतो, त्या घरात मला फार बरं वाटलं. जीव वाचला होता. गप्प बस गं बाई, असं मी मनात शरयूला म्हणत होतो.

शरयूचे कान लाल झाले. "काका, राजा असा नाई चालत."

"मी जनमभर खेळून राह्यलो, अन् तू मले..." धनी कडाडले आणि मध्येच थांबले. त्यांनी पटाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला.

रूपराव गडबडले. "जाऊ द्या भाऊ, चुकून झालं. दुसरं मोहरं खेळा."

दुसरं मोहरं हललं असतं, तर आम्ही जिंकत होतो.

"हात राजाले लागला ना? मंग राजाच खेळीन." हात लागलेलं मोहरंच खेळायचं, हा जगाचा नियम. धन्यांनी मला परत आणलं. मला एकच घर मोकळं होतं, आणि तिथं मरण होतं. त्यांनी मला तिथं नेऊन ठेवलं. दोन चालींत मात झाली. मी रडलो असतो, पण लाकडाला ते कुठलं जमायला!

दुसऱ्याच दिवशी शरयू दारात उभी. "काका, नागपूरले तुमच्याच उमरीचे लोक समोर बसतीन. त्यायच्याशी कसं खेळू?"

आठ दिवस धनी तिच्याशी खेळले. एकही डाव तिला जिंकू दिला नाही. शेवटी तिला रडू कोसळलं.

"लेकरू आहे ना ते!" मनकर्णाबाई चिडल्या.

"लेकरू असन घरी. ते जगाशी खेळाले चाललं."

शरयू नागपूरला निवडली गेली. मॉस्कोतही बावीस वर्षांचाच जिंकला. ती बातमी ऐकून धन्यांनी रेडिओ बंद केला.

आता १९८७ चाललंय. शरयू सामन्यांसाठी गावोगाव असते. धन्यांनी यंदाही अर्ज भरलाय, पण समोरची खुर्ची रिकामी आहे. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कोणीतरी खेळायला या हो! तरुण असाल तर आधी या. फक्त म्हातारा माणूस म्हणून मुद्दाम हरू नका. त्यांना ते कळतं, आणि त्या दिवशी ते जेवत नाहीत.