चौथ्या लेनचं घड्याळ

गुरुदत्त सबनीस तलावाच्या काठावर लॅपटॉप उघडून बसला की कोच नीलांबरीचं डोकं फिरायचं. न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस स्वतः कमरेएवढ्या पाण्यात शिडी शोधायचा. पण तेरा वर्षांची अन्वी क्लबात पोहायला लागल्यापासून बापाला पोहण्यातलं सगळं कळायला लागलं होतं.

"आज फक्त बाराशे मीटर झालं, नीलांबरीताई," तो म्हणायचा. "अर्धा वेळ ती भिंत धरूनच उभी असते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ते उभं राहणं हाच ट्रेनिंगचा भाग आहे."

पंधरा मीटर जीव तोडून पोहायचं, मग दोन मिनिटं पूर्ण विश्रांती, मग पुन्हा तेच. पन्नास मीटर फ्रीस्टाइलचा वेग असाच तयार होतो, हे तिने त्याला चारदा समजावलं होतं. पाचव्यांदा तोंड वाजवायची तिची इच्छा नव्हती. पुण्यात असताना ती राज्य पातळीवर पोहली होती, लग्न करून इकडे जर्मनीत आल्याला तेवीस वर्षं झाली होती, आणि क्लबात ती फुकट शिकवत होती. पोपटपंची करणाऱ्या बापांची शिकवणी घ्यायला नव्हे.

स्पर्धेच्या सकाळी तर त्याने कमाल केली. छापील कागदच घेऊन आला. पहिले पंचवीस मीटर ऐंशी टक्के जोर, दर चार हातांना श्वास, उरलेली ताकद परतीच्या पंचवीसला.

"उरलेली?" नीलांबरी म्हणाली. "अहो, पन्नास मीटरमध्ये राखून ठेवायचं ते कशाला? घरी न्यायला?"

तो कागद गुंडाळत गॅलरीत गेला. तिने अन्वीला बाजूला घेतलं. "उडीनंतर पाण्याखाली पाच किक. जाताना एक श्वास, येताना एक. शेवटच्या पाच मीटरवरचे झेंडे आले की श्वास बंद. आणि इकडेतिकडे बघायचं नाही. भिंत सोडून दुसरं काही बघितलंस की गेलीस."

"या, वाइस इश," अन्वी म्हणाली, म्हणजे हो, माहितीये. तिला मराठी सगळं कळायचं, पण क्लबात ती जर्मनशिवाय बोलायची नाही.

जिल्ह्याच्या संघात जायला तीस सेकंदांच्या आत येणं भाग होतं, आणि आजची संधी शेवटची होती. निवड झाली नाही तर पोहणं बंद आणि गणिताचा क्लास सुरू, असं गुरुदत्तने घरी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून अन्वी पहाटे अर्धा तास आधी यायला लागली होती.

टाइमकीपर क्लबांनीच पुरवायचे अशी इथली पद्धत. नीलांबरीच्या वाट्याला चौथी लेन आली, आणि त्या फेरीत चौथ्या लेनमध्ये अन्वीच होती. शिट्टी झाली. पोरगी अशी सुटली की नीलांबरीला धन्य वाटलं. एक श्वास, सुरेख टर्न, परतीलाही ती पुढेच.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. "नाऊ, अन्वी, नाऊ. सेकंड हाफ." गुरुदत्त बाकावर उभा राहून कागदाची गुंडाळी फिरवत होता. शर्टाचं एक टोक बाहेर, चष्मा घसरलेला. नीलांबरीने मान वळवली. काय ध्यान आहे, असं मनात म्हणताना तिला मनापासून मजा वाटली.

तिच्या पायांवर पाणी उडालं. अन्वीचा हात भिंतीला लागलेला होता. तिने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं. तीस पूर्णांक एकवीस.

पाचव्या लेनच्या टाइमकीपरने सांगितलं, त्याची मुलगी अन्वीच्या केसभरच आधी भिंतीला लागली होती. तिची वेळ एकोणतीस चौऱ्याऐंशी. नीलांबरी तडक मुख्य पंचाकडे गेली आणि आपण उशीर केल्याचं सांगितलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली. घड्याळात जे आहे तेच लिहायचं, म्हणाला. तिने लिहिलं.

अन्वी टॉवेल डोक्यावर ओढून बाकावर बसली होती. गुरुदत्त पँट दुमडून अनवाणी खाली आला.

"ताई, माझंच चुकलं," तो म्हणाला. "कारमध्ये मी तिला पुन्हा सांगितलं, सुरुवातीला राखून जा म्हणून. माझ्यामुळे गेलं तिचं. आता बंदच करू हे सगळं."

हे वाक्य ऐकायला नीलांबरी सहा महिने थांबली होती. आता नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तिला स्वतःची किळस आली.

"तिने काहीही राखलं नव्हतं," ती म्हणाली. "ती तीसच्या आत आली होती. मी घड्याळ उशिरा दाबलं. मी भिंतीकडे बघत नव्हते."

टॉवेल खाली आला. अन्वीने तिच्याकडे बघितलं आणि क्लबात पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "मग कुठे बघत होतीस, मावशी?"

"तुझ्या बाबांकडे," नीलांबरी म्हणाली. "त्यांना हसत होते."