पोकळ मेंदूची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, खरा नव्हे, प्लास्टरचा! एका कारागिराने मला साच्यात ओतलं, वरच्या घड्या कोरल्या, गुलाबी रंग दिला आणि माझे दोन अर्धे भाग बिजागरीने जोडले. वजन कमी राहावं म्हणून आतून मला पोकळच ठेवलं. माझ्या सगळ्या काळजीचं मूळ तिथे आहे.

माझी पहिली नोकरी एका शाळेत होती. शिक्षक मला टेबलावर ठेवून सांगत, "विचार इथून येतात." मुलं माना उंचावून बघत. मला भारी वाटे, पण धाकधूकही असे. एकदा एका मुलीने मला उघडलं आणि ती ओरडली, "सर, यात तर काहीच नाही!" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून कोणी बिजागरीला हात लावला की मला वाटतं, आता पुन्हा सगळे हसणार.

पुढे शाळेत नवी साधनं आली आणि मी अडगळीत धूळ खात पडलो. तिथून मला एका बाईंनी मागून नेलं. आजारपणात वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांच्या खोलीत एक टेबल, खडूंचा डबा आणि ओठांची हालचाल बघायला मोठा आरसा होता. बाईंचा एक नियम होता. प्रश्न विचारला की त्या माझ्यावर हात ठेवत, आणि हात उचलेपर्यंत दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

तिथे एक टेलरमास्तर येऊ लागले. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द एकच उरला होता, "उद्या". पाणी हवं? उद्या. नाव काय? उद्या. "गिऱ्हाइकांना जन्मभर हेच सांगत आले ना," असं म्हणून त्यांची मुलगी हसायची आणि मग तोंड फिरवायची.

मास्तरांच्या बायकोला मात्र बाईंचा नियम पाळणं जमत नसे. माझ्यावर हात असला तरी त्या मध्येच बोलत. "त्यांना चहाच आवडतो." "आज थकलेत ते." माया होती, पण मास्तरांचं उत्तर ओठांपर्यंत पोहोचायच्या आतच त्या देऊन टाकत. आणि मास्तर? ते मुलीच्या कोटाची बाही धरून ओढत बसत. दुकान आता तीच चालवत होती आणि हा कोट तिने स्वतः शिवला होता. आई म्हणायची, "ओढू दे गं. लहान मूल झालंय त्यांचं."

एके दिवशी मास्तरांच्या पत्नी बाईंना म्हणाल्या, "आजपासून आम्ही येणार नाही. प्रश्न विचारून त्यांचे हाल नकोत. खरं सांगा बाई, त्यांच्या मनात काही विचार येतात का, की सगळं पुसलं गेलं?"

बाईंनी मला उचललं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. आता या मला उघडणार आणि त्या माउलीला आतली पोकळी दिसणार! पण बाईंनी फक्त बोट ठेवलं. "ताई, बोलणं जुळवणारा भाग हा, इथे इजा झालीय. पण विचार कुठून येतो, ते मला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. त्यांनाच विचारू."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, बाहीचं काय सांगायचंय?"

बाईंचा हात माझ्यावर आला. मास्तरांच्या बायकोने ओठ घट्ट मिटले. मास्तर बाहीकडे बघत होते. कपाळावर आठ्या, घशात आवाज, "उ... उद्या..." काहीच झालं नाही तर? ही माणसं उठून जातील आणि मास्तरांना पुन्हा कधी कोणी काही विचारणार नाही. पण बाईंनी हात उचलला नाही.

मास्तरांनी डाव्या हाताने डब्यातला खडू घेतला. मुलीच्या दोन्ही खांद्यांवर, शिवणीपाशी, एकेक वाकडी फुली मारली. मग डावी बाही धरून उजवीकडे बोट केलं, उजवी धरून डावीकडे.

मुलगी आरशासमोर धावली. "अगं आई, मी बाह्या उलट्या लावल्यात! म्हणून हात पुढे घेतला की ओढतं. बाबा, इतके दिवस तुम्ही हेच सांगत होता?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

त्यांची बायको खुर्चीतून उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "अहो, मी तुमच्या वतीने इतकं बोलले. बरोबर बोलत होते का मी?"

या वेळी त्या थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून सावकाश मान हलवली. नाही. आणि त्या हसता हसता ढसाढसा रडल्या.

मित्रांनो, विचार कुठून येतो हे मला अजून माहीत नाही. मास्तरांचा कदाचित बोटांतून आला असेल, कदाचित मुलीबद्दलच्या काळजीतून. पण तो आत होता, शब्द नसतानाही होता. म्हणून एक विनवणी करतो. कोणी अडखळत असेल तर त्याच्या तोंडात आपला शब्द घालू नका. त्याला विचारा, आणि मग थोडा वेळ गप्प बसा.