आधी हो, मग कुठे

नवरा ट्रकवर चढला त्याला वर्ष झालं, आणि तेव्हापासून आमचा संसार फोनवर चालतो. भांडण फोनवर, समेट फोनवर, लेकीचा पहिला दात पडला तोही फोनवरच दाखवला. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की गळ्यातली गाठ काढावी लागेल, आवाजाची नस तिला अगदी चिकटून आहे, आवाज काही दिवस जाईल, कदाचित कायमचाच बसेल, तेव्हा मला गळ्यापेक्षा संसाराचीच भीती जास्त वाटली. मला बोलता येत नसेल, तर मला नवरा कुठे उरतो?

म्हणून मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. ऑपरेशनच्या दिवशी तू समोर हवास. शुद्धीवर आले की हातवारे करून का होईना, भांडायला कोणीतरी पाहिजे.

"हो," तो लगेच म्हणाला.

हे लगेचचं 'हो' त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं. पहिले काही महिने ज्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो गाडी शिकला, तो हा उस्ताद. नव्या ड्रायव्हरने आठवड्याला भरपूर किलोमीटर कसे मिळवायचे, याचं त्या माणसाकडे अख्खं शास्त्र होतं. ते मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना नवऱ्याशी दोन शब्द बोलावे म्हटलं की त्यातला दीड शब्द उस्तादाचा असायचा. चाक फिरलं तरच पोट भरतं. डिझेल, आंघोळ, जेवण एकाच थांब्यावर उरकायचं; तीनदा थांबलास तर शंभर किलोमीटर गेले समज. माल द्यायचा तिथे आदल्या संध्याकाळीच पोचायचं आणि फाटकाशी झोपायचं. झोप मात्र पूर्ण घ्यायची, ती चोरली की रस्ता व्याजासकट वसूल करतो. आणि सगळ्यात मोठा मंत्र म्हणजे डिस्पॅचच्या, म्हणजे कोणाला कुठली फेरी ते ठरवणाऱ्या, बाईंचा फोन दुसऱ्यांदा वाजायच्या आत उचलायचा, आधी 'हो' म्हणायचं, मग 'कुठे' विचारायचं. नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला जवळच्या फेऱ्या येतात, आणि जवळच्या फेऱ्यांत माणूस गोदामाच्या रांगेतच म्हातारा होतो.

शास्त्र खोटं नव्हतं, उगाच कशाला नावं ठेवू? डेपोच्या फळ्यावर त्याचं नाव चढत चढत पार वर गेलं. बाई त्याला आमचा हुकमी एक्का म्हणायला लागल्या. आता हुकमी एक्का कोणी घरी पाठवून देतं का? जेवढं काम चोख, तेवढी फेरी लांबची. तो शाबासकीने फुगायचा आणि मी कॅलेंडरकडे बघत बसायचे.

ऑपरेशनसाठी बाईंनी सुट्टी कबूल केली. शेवटची फेरीसुद्धा आमच्याच गावाबाहेरच्या गोदामाची दिली. आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"पोचलो गं. रांगेत उभा आहे."

"मग ये की घरी!"

"गाडी सोडता येत नाही. रांग सरकली आणि मी जागेवर नसलो तर थेट शेवटी लावतात." जरा थांबून म्हणाला, "आपल्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसतेय इथून."

माझं डोकं सणकलं. टाकी दिसते म्हणे! टाकीला काय विचारपूस करणार होता?

दुपार कलली तरी गाडी होती तिथेच. आत माल उतरवायचं मशीन बंद पडलं होतं. मग मीच डबा भरला, लेकीला सासूबाईंपाशी ठेवलं आणि निघाले.

"जाते आहेस तर चार शब्द गोड बोल त्याच्याशी," सासूबाई म्हणाल्या.

"उरलेत किती, त्यातले गोड किती घालवू?" मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

ट्रकांची रांग वळणापलीकडे गेली होती. कोणी दाढी करत होतं, कोणी बनियन पिळत होतं, एकाचे नुसते पाय खिडकीबाहेर आलेले. कोणी चिडलेलं नव्हतं. मला त्याचीच धास्ती वाटली.

त्याच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच चढले. आत सगळं जागच्या जागी होतं: हँगरला शर्ट, पेल्यात ब्रश, काचेजवळ लेकीचा फोटो, मागच्या बाकावर घडी घातलेली चादर. आमच्या घरात हा माणूस टॉवेल पलंगावर टाकतो. हेच त्याचं घर होतं आणि मी इथे डबा घेऊन आलेली पाहुणी. मला रडू आलं, ते मी डब्याचं झाकण उघडण्यात घालवलं.

तो जेवत होता तेव्हाही डावा हात गिअरवर होता. मध्येच रांग हलली, तसा घास तोंडात ठेवूनच त्याने गाडी पुढे घेतली. थांबलो तेव्हा माझ्या बाजूला गोदामाची भिंत आली होती. मी दार उघडून पाहिलं, ते वीतभर उघडून भिंतीला टेकलं.

"संध्याकाळपर्यंत गाडी खाली होते बघ," तो म्हणाला. "मग बाहेर लावतो आणि घरी. सकाळी तुला मीच घेऊन जाणार."

"नक्की?"

"हो."

इतक्यात फोन वाजला. दुसऱ्यांदा वाजलाच नाही.

"हो," तो म्हणाला.

"दादा, पहिला फोन तुम्हालाच केला हं," बाईंचा मधाळ आवाज केबिनभर पसरला. "त्याच गोदामातून माल भरायचाय, थेट दुसऱ्या टोकाला. अख्ख्या आठवड्याचे किलोमीटर एका फेरीत! रात्रीच निघा. सुट्टीचं आल्यावर बघू. तुम्ही हो म्हणालात, मी नाव टाकलं." फोन बंद.

तो फोनकडे बघत राहिला. कानामागून घाम आला होता.

"तोंडातून निघून गेलं गं. मला कळलंच नाही."

माझा विश्वास बसला, आणि तेच वाईट. जाणूनबुजून म्हणाला असता तर मी केबिन डोक्यावर घेतली असती.

"लाव फोन. सांग जमत नाही."

"नाव टाकल्यावर मागे हटलं की…"

"जवळच्या फेऱ्या. माहीत आहे मला. लाव."

त्याने लावला. बाईंनी उचलला. "बोला दादा, काही अडचण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. हत्यारांच्या पेटीत नसलेला पाना शोधावा तसा तो 'नाही' शोधत होता, मला स्पष्ट दिसत होतं. मी मान हलवली, म्हण म्हण.

"ते… कुठल्या दाराला गाडी लावायची, तेवढं विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

मी डबा बंद केला. वाटेत येताना त्याच्यासाठी काय काय बोलणी जमवून आणली होती! एकही ओठावर येईना.

"मघाशी मलाही अस्संच 'हो' म्हणालास," एवढंच म्हटलं.

त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते बारीक केले. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी इतकी कीव आली की त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं.

"सरक. मला उतरायचंय," मी म्हणाले. माझ्या बाजूला भिंत होती. त्याने उठून वाट दिल्याशिवाय मला खाली जाता येणार नव्हतं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढे जागा झाली होती. त्याचा हात गिअरवर गेला.

"एवढी जागा घेऊ दे. मग उतर, चालेल ना?"

उद्या या गळ्यातून काय निघणार होतं कोणास ठाऊक. आज आवाज होता, खणखणीत होता, आणि जे म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले.