सायकलच्या ठिगळाचं बोट

मी एक जुना रबरी हातमोजा हाय. उजव्या हाताचा. माझ्या मधल्या बोटाकडं आत्ताच बघू नगा, त्याची गोष्ट म्होरं सांगणार हाय.

मित्रांनो, माझी आई म्हंजे केरळातलं रबराचं झाड. लय उंच. तिच्या शेंड्यावर बसलं की महाबळेश्वर दिसायचं, आन हवा साफ असली तर दहिवडीचा यष्टी स्टँड बी. पटत न्हाई? ऱ्हाऊ द्या. मला पटतंय तेवढं बास. रोज सकाळी तिच्या खोडाला चीर पाडायचे, आन ती बिचारी पांढरं दूध गाळायची. त्या दुधात चिनीमातीचे हात बुडवले, वाळवले, आन वरनं आमाला सोलून काढलं. आमी जुळं भाऊ. मी उजवा, त्यो डावा. कागदाच्या पुडीत एकमेकाला चिकटून झोपलो. पुडीवर इंग्रजीत लिवलेलं व्हतं, एकदा वापरा आन टाकून द्या. म्हंजे जलमल्या जलमल्या कानात कुणीतरी सांगावं, बाळा, तुझा एकच दीस हाय, तसं.

पण मी येऊन पडलो माण तालुक्यात. तिथं वस्तू टाकायची पद्धतच न्हाई. लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं, पायपुसणं फाटलं की चुलीपुढचं फडकं. आमी गेलो त्या गावाचं नाव सांगत न्हाई, तिथली माणसं अजून हायत. दोन खोल्यांचा दवाखाना. डाक्टर आठवड्यातनं दोनदा यायचे. बाकीचे दीस समदा कारभार दोन बायांचा. एक नर्स आम्रपाली, पलूसकडच्या कुंडलची, चोवीस वर्साची. दुसरी आया हरणाबाई. तिचं वय तिलाच ठाऊक न्हवतं. इचारलं की म्हणायची, "मोठ्या दुष्काळात मी रांगत व्हते." कुठल्या दुष्काळात, ते काय सांगायची न्हाई.

पैल्या बाळंतपणानंतर मला वाटलं, संपलं आपलं. पुडीवर लिवलंयच तसं. तर हरणाबाईनं मला साबणाच्या पाण्यात बुडवलं, उलटा केला, सुलटा केला, बोट बोट चोळलं. मग मनगटापाशी पिरगाळून आत हवा कोंडली. मी टम्म फुगलो, म्हशीच्या कासंवानी. आन तिनं मला आपल्या गालावर धरला. मित्रांनो, भोक बघायची तिची ही रीत. डोळ्याला दिसत न्हाई ती फुंकर गालाला कळती. एक बोट, दोन बोटं, पाची बोटं गालावरनं फिरवायची. कुठंच वारं लागलं न्हाई की हसायची आन म्हणायची, "जा लेका, अजून वापर हाय तुझा." मग दोरीवर वाळत, मग शंखजिऱ्याची पांढरी भुकटी, मग डब्यात घालून वाफंवर. असा मी पुन्यांदा जलमलो. असा लय वेळा जलमलो.

किती पोरं काढली म्हणता? मोजली न्हाईत. एक पोरगं असं रडलं की पलीकडच्या माळावरची मेंढरं उधळली, दोन दीस धनगर हुडकत व्हते. एक पोरगी तर माझं बोट गच्च धरूनच भाईर आली, आन सोडंचना. आम्रपालीला म्हणावं लागलं, "सोड गं बाय, मला दुसरीकडं बी जायाचंय." तवा हरणाबाई इतकी हसली की तिच्या हातातला डबा पडला.

मग आमचं कौतुक झालं, आन तिथंच घात झाला.

सालाच्या शेवटाला साताऱ्यावरनं मोठं साहेब तपासायला आले. कपाट उघडलं. बाकीच्या दवाखान्यातली हातमोज्यांची खोकी कवाच रिकामी, आन हितं नवं खोकं शिलबंद, बोट बी लागलेलं न्हाई. साहेबांनी समद्यांच्या देखत हरणाबाईला मानाचा नारळ दिला आन म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखी माणसं असली तर सरकारला काही कमी पडायचं नाही." जलमात पैल्यांदा तिला कुणी खुर्चीवर बसवलं व्हतं. त्यो नारळ तिनं फोडला न्हाई. देव्हाऱ्यात ठेवला.

त्या दिसापास्नं त्ये खोकं म्हंजे तिचं पैठणी लुगडं झालं. ठेवणीतलं. कपाटाची चावी कंबरंला. आम्रपाली म्हणायची, "मावशी, एक नवी जोडी काढा की." हरणाबाईचं ठरलेलं, "आगं, ह्ये चाललंय न्हवं अजून?" पोरगी परगावची, मावशीनं तिला लेकीवानी भाकरी घालून संभाळलेली. म्होरं काय बोलणार?

आन एक दीस मावशीच्या गालाला वारं लागलं. माझ्या मधल्या बोटातनं. बारीक, सुईच्या टोकाएवढं.

तिनं मला दुसऱ्या गालाला लावून बघितलं, गाल बदलल्यावर भोक बुजंल असं वाटलं का काय कुणाला ठाऊक. मग पदराखाली घेतला आन थेट यष्टी थांब्यापाशी, आकाराम पंक्चरवाल्याकडं.

आकाराम म्हणाला, "आत्ती, ह्ये सायकलच्या ट्यूबला लावायचं सोल्युशन हाय. बाळंतपणाचं न्हाई."

"हवा धरतंय का न्हाई त्येवढं सांग."

"हवा धरंल. पण ट्यूब कुणी चुलीवर शिजवतंय व्हय? तू ह्ये वाफंवर घालणार. तिथं त्ये तग धरंल का, मला सांगता यायचं न्हाई."

"तू लाव रं. लय शाना व्हाया लागलास."

त्यानं कानशीनं माझं बोट घासलं, मावशीनं आणलेल्या दुसऱ्या फाटक्या हातमोज्याचा गोल तुकडा कापला, सोल्युशन लावलं, अंगठ्यानं दाबलं. मावशीनं तिथंच फुगवून गालाला धरलं. वारं बंद. तिच्या तोंडावर असा आनंद, जसा काय मी फौजेतनं सुट्टीवर आलेला तिचा पोरगा हाय.

आम्रपालीनं ठिगळ बघितलं आन हसली. "काय वो मावशी, मला सायकल समजलीसा का? आता घंटी तेवढी बसवा."

"उगड्या हातानं काम करण्यापरीस बरं न्हवं का, पोरी?"

"व्हय, त्ये बरं हाय," आम्रपाली म्हणाली. आन मला घातला.

दोन बाळंतपणं निघाली. ठिगळ टिकलं. पण दर खेपंला वाफंवर गेलं की त्ये सोल्युशन मऊ पडायचं, कडा उचलायची. मला कळत व्हतं. हरणाबाईचा गाल हवा तपासायचा, कडा तपासत न्हवता.

मग चौऱ्याण्णव सालचा मे महिना. भर दुपारी बैलगाडीतनं शालूबाईला आणली. दुसरं बाळंतपण. नवरा ममईला कामाला, संगं सासू. शालूबाईचं डोळं हळदीवानी पिवळं. आम्रपालीनं खालची पापणी ओढून बघितली.

"कवापास्नं हाय ह्ये?"

"उनाचं हाय वो बाई," सासू म्हणाली.

आम्रपालीचं उजव्या हाताचं मधलं बोट सकाळीच इंजेक्शनची काचंची कुपी फोडताना कापलं व्हतं. तिनं कापूस बांधला व्हता. ती हरणाबाईकडं वळली आन पैल्यांदाच जरा कडक बोलली, "मावशी, हिला कावीळ दिसती. आज नवी जोडी काढा."

हरणाबाईचा हात कंबरंच्या चावीवर गेला. खरंच गेला, मी बघितला. आन तिथंच थांबला.

"पोरी, सोमवारी साहेब येणार हायत. खोकं तसंच दिसाया पायजे. ह्ये घाल, आत्ताच वाफंवरनं काढलंय. गरम बी हाय अजून."

आम्रपाली काय तरी बोलणार व्हती. तेवढ्यात शालूबाईनं किंकाळी फोडली. आम्रपालीनं माझ्यात हात घातला.

बाळाचं डोकं भाईर आलं, नाळ मानंला गुंडाळलेली. आम्रपालीनं नाळंखाली बोट घातलं, मधलं बोट, आन अलगद ओढलं. ठिगळ सरकलं. आधी कडा उचलली, मग समदा तुकडा निसटला. भाईरचं वलं रगत आत आलं, कापूस भिजला, जखमंपातूर गेलं. मी वरडलो, मित्रांनो. जेवढं म्हणून वरडता येतं तेवढं. पण रबराला आवाज नसतोय.

तिला कळलं न्हाई असं न्हाई. तिनं बोटाकडं बघितलं. पण बाळ निळं पडलं व्हतं. हात काढायला सवड न्हवती. तिनं नाळ सोडवली, बाळ उलटं धरलं, पाठीवर चापट मारली. पोरगी रडली. शालूबाई बी वाचली. मग आम्रपालीनं मला काढलं आन नळाखाली कितीतरी येळ हात धुत उभी ऱ्हायली. हरणाबाईला म्हणाली, "मावशी, तुमची सायकल पंक्चर झाली." हसून म्हणाली. मावशी हसली न्हाई.

भाद्रपदात आम्रपालीचं डोळं पिवळं झालं.

हरणाबाईनं जमंल त्ये केलं. काविळीची माळ आणून गळ्यात घातली, उसाचा रस आणला, पिठलं पातळ करून चमच्यानं भरवलं. कावीळ उतरली की ती माळ लांबती म्हणत्यात, पण माळ काय लांबंना. आठवड्यानं आम्रपाली बरळाया लागली तवा तिला सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथनं ती परत आली न्हाई. डाक्टर म्हणाले, कावीळ कुठनं लागली हे छातीठोक सांगता येत न्हाई. त्यांना न्हाई येत सांगता. मला येतं.

निरोप आला त्या दिशी हरणाबाईनं कपाट उघडलं. खोक्याचं शिल स्वतःच्या दातानं तोडलं. पुडी फोडली, दुसरी फोडली, तिसरी फोडली. माणातलं ऊन, वर पत्र्याचं छप्पर, दोन उन्हाळं उलटलेलं. आत समद्या जोड्या एकमेकाला चिकटून गेलेल्या. सोडवाया गेली की तुकडं पडायचं. माझं समदं भाऊबंद. एकानं बी एक बाळ बघितलं न्हाई.

तेराव्या दिशी ती मला पिशवीत घालून कुंडलला गेली. आम्रपालीची आई येसूबाई दारात बसली व्हती. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली लेकीचा नर्सच्या टोपीतला फोटू. हरणाबाई पायरीवरच बसली, वर गेली न्हाई.

"वर या की वो," येसूबाई म्हणाली. "पोरगी तुमचं लय नाव घ्यायची. मावशी जेवाय घालती म्हणायची."

हरणाबाईनं मला पिशवीतनं काढलं आन समदं सांगितलं. भोक, आकाराम, ठिगळ, चावी. काय लपवलं न्हाई. शेवटाला येसूबाईनं इचारलं, "नवं व्हतं कपाटात?"

"व्हतं."

"मग काढलं का न्हाई, बाई?"

"चांगल्या दिसासाठी ठेवलं व्हतं," हरणाबाई म्हणाली.

"कुठल्या चांगल्या दिसासाठी?"

येसूबाईनं मला हरणाबाईच्या हातातनं घेतलं आन माझ्यात आपला हात घालाया लागली. खुरपं धरून धरून रुंद झालेला हात. बोटं निम्मी गेली आन अडकली. म्होरं जाईनात. तिनं जोर लावला न्हाई. तसाच हात मांडीवर ठेवून बसली. हरणाबाई खाली पायरीवर आन ती वर उंबऱ्यावर, दोघी बी ऊन कलंपातूर तशाच.

मित्रांनो, धुवून वापरलं म्हणून माझी तक्रार न्हाई. मला जगायला आवडलं. एवढी बाळं बघाया मिळाली, त्यो धुण्याचाच उपकार. पण ज्या दिशी भोक पडलं त्या दिशी मला फेकाया पायजे व्हतं. हरणाबाईला माझी माया आली. तुमी तशी माया करू नगा. रबरावर न्हाई, खोक्यावर न्हाई, साहेबाच्या नारळावर बी न्हाई. माया करायचीच असंल तर माझ्या आत जो हात असतोय, त्याच्यावर करा. रबराची झाडं केरळात लय हायत. तसला हात कुंडलात एकच व्हता.