बोदिलची क्रेन

बोदिल रोदे सव्वीस वर्षं जमिनीपासून अठ्ठावन्न मीटर उंचावरच्या काचेच्या खोलीत बसली होती. नोरेविगच्या जहाजबांधणी कारखान्यातली ती मोठी पिवळी क्रेन ती चालवायची. खाली गोदीत अर्धवट जहाज उभं असायचं आणि वरून ती त्याचे तुकडे आणून ठेवायची. एकेक तुकडा चाळीस, कधी साठ टनांचा, आणि बसायला हवा बोटभर फटीत. खाली तिचा सहकारी आक्सेल हाताने खुणा करायचा. त्याचा पंजा मिटला की थांबायचं, तळहात हलला की अजून जरासं. सव्वीस वर्षांत दोघांनी एकही तुकडा आपटला नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी बोलून दाखवलं नाही. नोरेविगमध्ये चांगल्या कामाला चांगलं म्हणायची पद्धत नाही. फार झालं तर "वाईट नाही" म्हणतात, आणि ते ऐकलेला माणूस आठवडाभर ताठ चालतो.

मग कारखाना बंद झाला. क्रेन सुटी करून, बोटीवर चढवून दूर कुठेशी विकून टाकली. बोदिल त्या दिवशी धक्क्यावर गेली नाही, घरी बिटाचं लोणचं भरत बसली.

साठी उलटल्यावर तिचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे जिवावरचं नाही, पण जाणारंही नाही. कॉफीचा कप बशीवर वाजू लागला. शर्टाची बटणं लावून देणं नवऱ्याकडे, कार्स्टनकडे आलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. दुःख होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

निवृत्तीनंतर तिला लेगोच्या विटांचा नाद लागला होता. या विटांचा जन्मच तिच्या देशातला, त्यामुळे तिथे हे काही पोरांपुरतं नाही. प्रत्येक घराच्या माळ्यावर विटांचा एक डबा असतोच, आणि दर गुरुवारी गावच्या वाचनालयाच्या तळघरात विटावाल्यांचा क्लब भरतो. त्यात दंतवैद्य असतात, बसचालक असतात, पेन्शनर असतात. बोदिल तिथे जाऊन जहाजं बांधायची. पण हात कापायला लागल्यावर वीट विटेवर बसेना. नुसती टकटक वाजत राहायची, थंडीत दात वाजावेत तशी. एका गुरुवारी तिच्या हाताच्या धक्क्याने शेजारच्याचा अख्खा दीपस्तंभ कोसळला. तो खाली वाकून विटा वेचू लागला. तिने घरी येऊन सगळे डबे कपाटात कोंबले आणि गुरुवारी जाणं सोडलं.

कार्स्टनने दोन महिने हे पाहिलं. मग एके दिवशी न्याहारीला त्याने लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला.

"हे काय?"

"विटा जोडायचा प्रोग्राम. यात सगळ्या विटा आहेत. लेगोच्या कारखान्यात निघतात तेवढ्या सगळ्या, निघतात त्या रंगांत. सांडत नाहीत, पायाखाली येत नाहीत."

"म्हणजे विटांचं चित्र काढायचं."

"चित्र नाही गं. वीट जवळ नेली की ती आपोआप बरोबर जागेवर बसते. बघ तरी. नाही आवडलं तर मी त्यावर हवामान बघेन."

माउस तिच्या हातात उंदरासारखाच पळू लागला. वीट डेकवर ठेवायला जावी तर ती समुद्रात. तिने दोनदा लॅपटॉप मिटला. तिसऱ्या दिवशी तिला समजलं की वीट बाणांच्या बटणांनीही सरकते. एक बटण दाबलं की एक घर पुढे, आणखी एक दाबलं की आणखी एक घर. बोट थरथरलं तरी बटण एकदाच दाबलं जातं. दुपारी कार्स्टन बागेतून आला तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ बसली होती आणि ओठ मिटून एक लाल वीट घराघराने पुढे नेत होती. डावीकडे दोन. खाली एक. बसली.

"कॉफी?" त्याने विचारलं.

"नंतर," ती म्हणाली. तिच्या या 'नंतर'चा सूर त्याने वर्षभरात ऐकला नव्हता.

पुढल्या हिवाळ्यात गावच्या बंदर संग्रहालयाने क्लबला विचारलं, की जुन्या क्रेनची मोठी प्रतिकृती बांधून द्याल का? दोन मीटर उंच, दीड मीटर रुंद, आकड्याने खरोखर ओझं उचलणारी. क्लबचा प्रमुख प्रेबेन गणिताचा शिक्षक होता. त्याने स्वतः एक आराखडा केला आणि बाकीच्यांनाही करायला सांगितलं. बोदिल त्या गुरुवारी लॅपटॉप काखेत मारून तळघराच्या पायऱ्या उतरली. तिला पाहून सगळ्यांनी सरकून जागा केली.

तिने पडद्यावर क्रेन फिरवून दाखवली. दोन उंच पाय, त्यांवर आडवी लांब तुळई, तुळईखाली लटकणारी काचेची खोली, खोलीबाहेरची अरुंद शिडी. सगळे पडद्यापाशी वाकले.

"छान आहे," प्रेबेन म्हणाला. "पण बोदिल, संगणकात काहीच पडत नसतं. तिथे दोऱ्याला हत्ती टांगला तरी दोरा खूश. ही तुळई दीड मीटर लांब आहे. खरी बांधलीस तर मधे झोळ येईल."

"आणि तुझ्यात नाही येणार?"

"माझ्यात मधे खांब आहे."

"मधे खांब असलेली क्रेन," बोदिल म्हणाली, "म्हणजे दारात उभं केलेलं कपाट. जहाज कुठून जाणार?"

दंतवैद्य हसून हसून खोकू लागला. प्रेबेनही हसला, पण हट्टाला पेटला. ठरलं असं की दोघांच्या नुसत्या तुळया खऱ्या विटांत बांधायच्या, दोन टेबलांवर टेकवायच्या आणि मधे वजन टांगायचं. जी टिकेल ती खरी.

पुढल्या गुरुवारी बोदिलची तुळई क्लबच्या लोकांनी तिच्या आराखड्यावरून बांधली. ती शेजारी बसून पाहत होती, हात मांडीखाली दाबून. प्रेबेनने अर्धा किलोची साखरेची पिशवी टांगली. तुळई किंचित वाकली. दुसरी पिशवी टांगली तशी तळाच्या विटा एकामागून एक उसवत गेल्या आणि सगळं जमिनीवर पसरलं. प्रेबेनची तुळई खांबावर निवांत बसून होती.

"वाईट नव्हतं," प्रेबेन हळूच म्हणाला. तिला ते बोलणं झोंबलं. दयेने म्हटलेलं 'वाईट नाही' हे शिवीपेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी ती आक्सेलकडे गेली. आक्सेल ऐंशीचा झाला होता, गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत. त्याच्या स्वयंपाकघरात राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हरपेस्ट, म्हणजे कलेजीचं वाटण, लावत तिने झालेलं सगळं सांगितलं.

"फोटो काढलास का पडल्याचा?"

"नाही."

"मग काय बघणार मी? कुठून फुटली ते सांग. वरून की खालून?"

"खालून. तळ उसवत गेला."

"आणि तू जाड विटा कुठे घातल्या होत्यास?"

जाड आणि लांब विटा तिने वरच्या अंगाला घातल्या होत्या, कारण वरून ओझं येतं असं तिला वाटलं होतं.

"दरवर्षी तपासनीस यायचे," आक्सेल म्हणाला, "ते तुळईच्या कुठल्या अंगाला दिवा घेऊन सरपटायचे? वरच्या? वरचं अंग ओझ्याने दाबलं जातं, ते आणखी घट्ट होतं. ताण खाली येतो. सव्वीस वर्षं त्याच्याखाली बसलीस, कधी मान वर करून पाहिलं नाहीस वाटतं."

"तुझ्या पंजाकडे बघत होते. तो चुकला असता तर?"

"चुकला नाही पण."

"म्हणूनच मान वर केली नाही."

ती घरी आली आणि तुळई पुन्हा पहिल्यापासून करायला बसली. या वेळी तळाला सगळ्यात लांब, भोकांच्या पट्ट्या घातल्या, एकमेकींत खुंट्या ठोकून. एकीचा सांधा दुसरीच्या सांध्याखाली येऊ दिला नाही. जहाजाच्या पत्र्यांचे सांधेही असेच चुकवून लावायचे. आत दर वीस सेंटीमीटरला एक आडवी भिंत घातली. वरचं अंग साध्या विटांचं. प्रोग्रामने दोनदा टोकलं की हा तुकडा या पिवळ्यात निघतच नाही. तेव्हा तिने तो राखाडी करून आत दडवला. सहा आठवडे रोज सकाळी न्याहारी झाली की ती बसायची आणि बाणांची बटणं टिकटिकत राहायची. कार्स्टनने तेवढ्यात बाग खणली, वाफे काढले, पेरणीही उरकली.

दुसऱ्या चाचणीला प्रेबेनने साखरेच्या दोन पिशव्या टांगल्या. मग चार. मग त्याने शाळेतली कागदाला भोकं पाडायची जड लोखंडी मशीन आणून लटकवली. तुळईने हूं की चूं केलं नाही. प्रेबेन खाली वाकला, तळाकडे पाहिलं, मोजपट्टी लावली. झोळ नखाच्या जाडीएवढाही नव्हता. त्याने मशीन उतरवली, आपल्या तुळईतला मधला खांब काढला आणि डब्यात टाकला.

"बांधायला किती पायऱ्या आहेत?" त्याने विचारलं.

"चारशे बारा."

बांधणीला नऊ गुरुवार लागले. प्रोग्राम आराखड्यावरून पायरीपायरीचं पुस्तक काढून देतो, पण ते आंधळेपणाने काढतो. बोदिलने ते सगळं बसून नव्याने लावलं होतं. अकरा माणसं एकाच वेळी अकरा वेगळे तुकडे बांधू शकतील आणि शेवटी तुकडे उचलून एकमेकांवर ठेवता येतील, असं. तिने स्वतः एकही वीट हातात घेतली नाही. झाकणाच्या मगातून कॉफी पीत ती टेबलाच्या टोकाला बसायची आणि म्हणायची, "थांब. अर्धं घर मागे घे. आता ठेव." पाचव्या गुरुवारी डावा पाय उचलून जागेवर ठेवला, आणि तो पहिल्याच फटक्यात बसला. प्रेबेन पुस्तकाची पानं मागे-पुढे करत राहिला.

"हे असं तुकड्यातुकड्यांनी बांधायचं कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आम्ही जहाजं अशीच बांधायचो."

त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "मी वीस वर्षं पोरांना भूमिती शिकवतोय. मला हे सुचलं नसतं." बोदिलने कॉफीचा मग तोंडाला लावला, म्हणजे चेहरा झाकता येतो.

जून महिन्यातल्या एका शनिवारी संग्रहालयात क्रेन लोकांसाठी खुली केली. कारखान्याचे जुने लोक आले होते. वेल्डर, रंगारी, नळवाले, बरेचसे काठ्या घेऊन. पिवळी क्रेन खिडकीपाशी उभी होती आणि तिच्यामागे रिकामी गोदी दिसत होती. आक्सेलने पिशवीतून कारखान्यातली एक जुनी लोखंडी कडी काढली. वजनाला सव्वादोन किलो. ती आकड्याला अडकवली आणि तो क्रेनच्या पायाशी जाऊन उभा राहिला, गुडघ्यांना शिव्या घालत.

मोटार चालवायला बोदिलने आराखड्यातच एक मोठा खटका ठेवला होता. नाजूक दांडा तिच्या हाताला मानवला नसता, खटका मानवतो. आक्सेलने तळहात वर केला. तिने खटका दाबला. दोरी ताठ झाली, कडी जमिनीवरून सुटली आणि हळूहळू चढत गेली. तुळई हलली नाही. आक्सेलने बोटं आडवी केली, तिने कडी उजवीकडे नेली. एक म्हातारा रंगारी टोपी काढून उभा राहिला. आक्सेलने पंजा मिटला. कडी तिथेच थांबली, जराही न झुलता.

टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला, कारण तिथल्या लोकांना त्याची सवय नव्हती. पण वाजायला लागल्या तशा थांबेनात. बोदिलला आपल्या कानांपर्यंत रक्त चढल्याचं जाणवलं. खाली बघायला हवं होतं, तशीच रीत होती. तिने पाहिलं नाही. ती सगळ्यांकडे सरळ बघत उभी राहिली. एवढ्या माणसांकडे तिने आजवर फक्त वरून, काचेतून पाहिलं होतं.

गर्दी ओसरल्यावर प्रेबेन पाटीचा कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, 'नोरेविगची मोठी क्रेन. नोरेविग विटा क्लब.'

"उद्या छापायला द्यायचंय," तो म्हणाला. "क्लबचं नाव आहे. चालेल ना? की तुझंही घालायचं?"

बोदिलच्या हातून त्या कारखान्यात एकतीस जहाजं उभी राहिली होती. एकाच्याही अंगावर तिचं नाव नव्हतं, आणि असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. तिच्या तोंडावर आलं होतं की क्लबचं पुरे, सगळ्यांनी मिळून बांधलंय. ते खरंही होतं.

"घाल," ती म्हणाली. "आराखडा, बोदिल रोदे. क्लबच्या नावाच्या आधी."

"आधी?"

"आधी आराखडा झाला की आधी बांधलं?"

प्रेबेनने पेन काढलं आणि तिच्यासमोरच लिहिलं.

कार्स्टन गाडी आणायला गेला तेवढ्यात तिने स्कागेनला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. बोदिलने आयुष्यात कधी कुणाला आपलं काम बघायला बोलावलं नव्हतं, त्यामुळे 'ये' म्हटल्यावर बहीण आधी घाबरली. तिला वाटलं, कार्स्टनला काहीतरी झालं.

"कुणाला काही झालं नाहीये," बोदिल म्हणाली. "बंदर संग्रहालयात क्रेन ठेवलीय. मी केलेली आहे. मंगळवार ते रविवार उघडं असतं, चारपर्यंत. पहिल्या गाडीने निघालीस तर निवांत बघता येईल."