कागदातला ‘नॉट’

“अहो, काय लिवलंय त्यात? वाचा मा.”

तो आवाज एकवीस वर्षांच्या गंगूचा. तांदूळ निवडता निवडता ती उठून आली होती, पदराला दोन-चार दाणे चिकटलेले. दारात पाहुणा उभा आहे नि त्याला आत ये म्हणायचं तेवढं राहिलंय, असा आवाज. जयवंतरावांच्या हातात पोस्टमननं दिलेला लिफाफा होता. संपाचं दुसरं वर्ष होतं. गिरणीचा भोंगा मुका, नि परळच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या पुरुष गॅलरीत बसून रस्ता मोजत होते.

पत्र इंग्रजीत होतं. गंगूची गावच्या शाळेत सातवी झालेली, तीही पहिल्या नंबरानं, पण इंग्रजी त्या डोंगरातल्या गावापर्यंत चढलंच नव्हतं. जयवंतराव रात्रशाळेत नववीपर्यंत गेलेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “नाही म्हणतायत.”

तिनं पदराचे दाणे वेचून सुपात टाकले, पत्र त्यांच्या हातून घेतलं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

पत्र हो म्हणत होतं. एका धर्मादाय दवाखान्यात वर्षभराचं शिक्षण, नर्सच्या हाताखाली काम, राहणं तिथंच, वर थोडा पगार. ‘सिलेक्टेड’ हा शब्द क्रिकेटमुळं चाळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होता. जयवंतरावांना तो पहिल्या ओळीतच दिसला. आणि त्याच्यामागं दुसरंही दिसलं: गंगू पांढरी साडी नेसून जिना उतरतेय, आणि आपण गॅलरीत.

त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. गंगुबाईंनी खानावळ चालवली, डबे केले, मुलगी शिकवून सासरी धाडली. चाळीत कुणाला ताप भरला की आधी गंगुबाईंना हाक. मिठाच्या पाण्याची घडी कपाळावर ठेवताना त्यांचा हात असा हलका की रडणारं पोर हुंदका अर्धाच सोडून झोपी जाई. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, काकी, तुम्ही नर्सच व्हायचं होतं. त्या म्हणत, “अर्ज केलेला मी. नाय घेतलं त्यांनी.” जयवंतराव तेव्हा पेपर वाचत असत. एकच पान.

तिसऱ्या मजल्यावरची स्पृहा दादरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा तिनं रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग काढला. गुंडाळलेल्या सतरंज्या, कोपऱ्यात ढोल, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या, दारावर ‘डोअर’, पंख्यावर ‘फॅन’. ढोलावर चिठ्ठी नव्हती. “ढोलाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर घरी माझं आणि बाबांचं भांडण चालू आहे,” स्पृहा म्हणाली.

गंगुबाईंनीच नाव घातलं होतं. “जन्मभर माझा प्रत्येक कागद ह्यांच्या तोंडून ऐकला,” त्या म्हणाल्या. “लाइटचं बिल काय, रक्ताचा रिपोर्ट काय. आता माझा मी वाचणार.” त्या गेल्या म्हणून जयवंतरावही गेले. न जाणंही त्यांना जड झालं असतं.

गंगुबाई शब्द पाठ करत नसत, ओवीत बांधून टाकत. आईकडून जात्यावर आलेली चाल, तिच्यात इंग्रजी शब्द पिठासारखे मऊ होत:

*डोअर म्हणजे दार बाई, की म्हणजे किल्ली,*
*माझ्या घराची गं किल्ली मी दुज्या हाती दिली.*

वर्ग हसला. जयवंतरावांनी चष्मा पुसला.

पहिला खेळ ओळख करून देण्याचा. शेजारच्याबद्दल तीन वाक्यं.

“माय हजबंड,” गंगुबाई उभ्या राहिल्या. “दे आर रिटायर्ड. दे आर लाइक फिश.”

“काकी, काका एकटेच आहेत,” स्पृहा म्हणाली. “ही म्हणायचं. ही इज.”

“ही म्हणजे ‘तो’ ना? नवऱ्याला ‘तो’ कोण म्हणतं गो? माझ्याकडून नाय व्हायचं.”

“राहू दे की तिचं ‘दे’,” शामराव मागून म्हणाले. शामराव समोरच्या चाळीतले, बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, जयवंतरावांचे जुने दोस्त. “जयवंता एकटा असला तरी जेवतो दोघांचं.”

मग स्पृहानं चेंडू काढला, जुन्या ओढण्यांचा गुंडाळून केलेला. ज्याच्याकडं चेंडू जाईल त्यानं उत्तर द्यायचं. तिनं तो शामरावांकडं टाकला.

“शामकाका, यू डिडन्ट ईट लंच?”

शामराव सकाळपासून उपाशी होते, शुगरची तपासणी होती. “येस,” ते म्हणाले.

“म्हणजे जेवलात.”

“अगं, नाही जेवलो. तू विचारलंस जेवला नाहीत, मी म्हटलं हो. हो, नाही जेवलो.”

“इथंच आपण सगळे फसतो,” स्पृहा म्हणाली. “मराठीत हो म्हणजे समोरच्याचं बरोबर आहे. इंग्रजीत समोरच्यानं कसं विचारलं ते विसरायचं. झालं असेल तर येस. झालं नसेल तर नो. आणि नुसतं येस-नो टाकून पळायचं नाही. शेपूट लावायचं. येस, आय डिड. नो, आय डिडन्ट. शेपटाशिवाय उत्तर मोजणार नाही मी.”

शामरावांनी चेंडू हातात फिरवला. “म्हणजे आपला हो विचारणाऱ्याच्या बाजूनं, आणि ह्यांचा येस घडलं त्याच्या बाजूनं. कडक कारभार आहे बुवा. बिनतिकीट कुणी सुटत नाही.”

वर्ग सुटताना स्पृहानं पुढच्या रविवारचा अभ्यास सांगितला. घरातला एक इंग्रजी कागद आणायचा, कसलाही. ओळखीच्या शब्दांना घरीच पेन्सिलीनं गोल करायचे, उरलेले इथं सगळ्यांनी मिळून सोडवायचे.

जयवंतरावांनी बुधवारीच औषधाच्या बाटलीबरोबर आलेला कागद गंगुबाईंपुढं ठेवला. गुरुवारी बँकेचं पत्र. शुक्रवारी विम्याचं. “एवढे कागद आणताय रोज,” गंगुबाई म्हणाल्या. “एकच न्यायचाय मा.”

शनिवारी दुपारी जेवणं झाली. सोलकढीची वाटी विसळून गंगुबाईंनी पालथी घातली, हात पुसले आणि कपाटाखालून तो डबा ओढला. झाकण गंजलेलं, चमच्याच्या टोकानं उचकटावं लागलं. मुलीचे दुधाचे दात, एक तुटकं पैंजण, आणि तळाशी ते पत्र. घड्यांवर फाटत आलेलं, चहाच्या रंगाचं.

“हा कशाला?” जयवंतराव म्हणाले.

“नाही म्हटलेला असला तरी माझ्या नावाचा इंग्रजी कागद हा पहिलाच. वाचून तरी बघू कसं नाही म्हटलंय.”

खिडकीत बसून त्यांनी पेन्सिल घेतली. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक लांबत गेली. “यू,” त्या पुटपुटल्या आणि गोल केला. “आर. टू.” आणखी एक गोल. जयवंतराव खाटेवर बसून त्या पेन्सिलीकडं बघत होते. ती एकेका ओळीवरून, भात शिजलाय का बघताना शीत दाबावं तशी थांबत थांबत चालली होती. ‘सिलेक्टेड’वरून ती सरळ पुढं गेली. तोंडात रोज असलेला शब्द कागदावर गंगुबाईंनी कधी पाहिलाच नव्हता.

शेवटाला पोचून त्या पुन्हा वर आल्या. मग पुन्हा.

“अहो, ह्यात नॉट नाय.”

“काय?”

“स्पृहानं सांगितलं ना, नाही म्हणायचं तर नॉट नायतर नो लागतं. तीनदा बघितलं. नॉट नाय, नो पण नाय. मग नाही कसं म्हटलंय त्यांनी?”

जयवंतरावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. साहेबलोक घुमवून लिहितात, नॉट न लिहिता नाही म्हणतात. एक्केचाळीस वर्षांत ते एवढं घोटलं गेलं होतं की आपसूक बाहेर पडलं असतं. पण गंगुबाईंनी पेन्सिल कानामागं खोचली आणि त्याच आधी बोलल्या.

“तुम्हाला कळलं नसेल तेव्हा. रात्रशाळेचं इंग्रजी ते, दिवसभर गिरणीत लूमवर उभं राहून शिकलेलं. चुकलं असेल वाचताना.” त्या थोडं हसल्या. चेंडू टाकावा तसा हात पुढं केला. “सांगा बघू. यू डिडन्ट अंडरस्टँड?”

गंगुबाईंनी दार उघडून धरलं होतं. एवढं मऊ, एवढं रुंद दार त्यांच्यासाठी आजवर कुणी उघडलं नव्हतं. नुसतं वाकून पलीकडं जायचं होतं.

“येस,” जयवंतराव म्हणाले.

गंगुबाईंनी मान डोलावली. त्यांनी तो ‘हो’ ऐकला, आपला, विचारणाऱ्याच्या बाजूचा. “असू दे,” त्या म्हणाल्या. “माणूस चुकतो. उद्या स्पृहाला विचारू काय होतं ते. मी काय रागावत नाय.” आणि कागदाची घडी त्या जुन्या रेघांवरच घालू लागल्या, फाटू नये म्हणून हलक्या हातानं. तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवणारा तोच हात.

जयवंतराव उठले. खिडकीशी आले, त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. गुडघे वाजले. एवढ्या जवळून त्यांनी तिचा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

“गंगू, शेपूट राहिलं.”

“कसलं शेपूट?”

“मघाच्या उत्तराचं.” त्यांनी तिच्या हातातला कागद पुन्हा उलगडला आणि पहिल्या ओळीतल्या त्या लांब शब्दावर, जिथं गोल नव्हता तिथं, बोट ठेवलं. “येस, आय डिड. मला कळलं होतं. तुला घेतलं होतं त्यांनी. मीच नाही म्हटलं.”