छाती साफ

वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्हा बारा जणांना एकच खूळ लागलं होतं. जिथे डॉक्टर पोचत नाही, तिथे जाऊन डॉक्टरकी करायची. दर शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत जमून आम्ही हिमदंशावर, सर्पदंशावर, उंचीवरच्या आजारांवर तासन्‌तास बोलायचो. मी सगळ्यांत जास्त बोलायचे. बाकीचा वर्ग मला 'मोहीमवाली' म्हणून चिडवायचा आणि मला ते मनातून आवडायचं. त्यामुळे उंचावरच्या एका खिंडीतल्या दवाखान्यात महिनाभरासाठी एक विद्यार्थी हवाय असं कळलं, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. शेजारी रस्त्यावर काम करणाऱ्यांची वस्ती. कंपाउंडर काका वीस वर्षं हा डोलारा एकटे सांभाळत होते. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, खाली, दोन तासांवरच्या इस्पितळात. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला वायरलेसवरून त्यांना रुग्णांची माहिती द्यायची. त्या रस्त्यावरच्या सगळ्या चौक्यांची लाइन एकच, त्यामुळे एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानी पडायचं.

दहाव्या दिवशी काका लशी घेऊन दुसऱ्या वस्तीवर मुक्कामाला गेले. जाताना म्हणाले, "अडलं तर सरांना विचार. लाजू नकोस."

पाचला दहा मिनिटं होती, तेव्हा रस्त्यावरचा बर्फ हटवणारा डोझर चालवणारे दादा आले. पन्नाशीचा गडी, सोबत बायको. परवाच गावाहून वर परतलेले. तेव्हापासून खोकला, आणि चार पावलं टाकली की धाप.

उंचावर आल्यावर फुप्फुसांत पाणी होतं, त्याची ही लक्षणं असू शकतात; अशा माणसाचं काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. कपडे काढून छाती ऐकायची, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. पण शेगडी विझली होती, माझी बोटं बधिर झाली होती, डोकं सकाळपासून ठणकत होतं. त्यांच्या अंगावर जाकीट, त्याखाली दोन स्वेटर, त्याखाली कसलीशी जाड बंडी. ऑक्सिजन मोजायचं यंत्र गारठलेल्या बोटावर आकडाच दाखवेना. मी जाकिटाची चेन खाली ओढली आणि स्वेटरवरूनच स्टेथोस्कोप टेकवला. लोकरीची खसखस तेवढी ऐकू आली. तेवढ्यात वायरलेस खरखरला. मी घाईघाईने वहीत लिहिलं: श्वास वीस, ऑक्सिजन नव्वद, छाती साफ.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

"कपडे काढून तपासलंस ना?" मी वाचून दाखवलेलं ऐकून सरांनी वायरलेसवर विचारलं.

"हो सर."

"रस्ता आता मोकळा आहे. शंका असेल तर लगेच खाली पाठव."

"शंका नाही सर."

खोकल्याचं औषध देऊन मी त्यांना घरी पाठवलं.

रात्रीतून बर्फ पडलं. सकाळी सातला दादांची बायको धापा टाकत आली. "आडवंच होता येईना त्यांना. रात्रभर बसून आहेत."

आम्ही त्यांना उचलून आणलं. ओठ निळे, प्रत्येक श्वासाला छातीत घुरघुर. काका तोवर बर्फ तुडवत पायीच पोचले होते. त्यांनी जाकीट उतरवलं, स्वेटर उतरवले. बंडीची बटणं तुटलेली, म्हणून बायकोने गावाहून निघतानाच ती दादांच्या अंगावर पुढून शिवून टाकली होती. काकांनी कात्री मागितली. टाके कापताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळ लावून श्वास मोजले. चाळीस.

आता रस्ता बर्फाखाली आणि तो मोकळा करणारा माणूस आमच्या खाटेवर. शेवटी वस्तीवरच्या मुकादमाने "फार पूर्वी शिकलो होतो" म्हणत डोझर बाहेर काढला. त्याच्या मागे आमची जीप. दोन तासांच्या वाटेला सात तास लागले. दादांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली त्यांची बायको मला म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे हो, डॉक्टर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा वाचले. इस्पितळात त्यांचा श्वास जरा शांत झाल्यावर सर बाहेर आले, चक्रावलेले. "काल पाचला छाती साफ आणि सकाळी ही अवस्था? इतकं झपाट्याने वाढलेलं मी पाहिलं नाही. तू हे लिहून काढ. परिषदेत वाचायला लावतो तुला."

खरं सांगायचं तर क्षणभर मला ते व्यासपीठ दिसलंसुद्धा. आज एवढ्या वर्षांनी सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या क्षणाची.

"काल यांनी वरूनच लावलं होतं यंत्र," दादांची बायको कौतुकाने म्हणाली. "आमचे काका सगळं उतरवायला लावतात. पण नव्या शिकलेल्यांना वरूनही कळतं, नाही का?"

सरांनी मला विचारलं, "खरं?"

"खरं आहे, सर. आकडेही मी मनानेच लिहिले."

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजतायत. काल सगळ्या चौक्यांनी तुझे आकडे ऐकलेत. आज खरं काय ते तूच सांग."

मी माइक हातात घेतला. काल न तपासता खोटे आकडे दिले, त्यामुळे रुग्णाला खाली आणायला उशीर झाला, असं सांगितलं. पलीकडे नुसती खरखर. मग कुठल्याशा लांबच्या चौकीवरून आवाज आला, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

पाच दिवसांनी इस्पितळात दादांना भेटून माफी मागितली. ते हसले. "अहो, मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, पोरीला माया आहे, थंडीत उघडं करत नाही."

त्यांची बायको हसली नाही. "म्हणजे त्याच संध्याकाळी खाली आणता आलं असतं?"

"हो, ताई."

ती उठून व्हरांड्यात गेली. तिच्या मागे जायचा मला धीर झाला नाही.

मला घरी पाठवायचं सर म्हणत होते, पण काकांनी ठेवून घेतलं. उरलेले दिवस मी शेगडी विझू दिली नाही आणि आल्या-गेल्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले. महिना संपायच्या दोन दिवस आधी दादांची बायको दवाखान्यात आली. स्वतःच्या खोकल्यासाठी. काका पाणी आणायला गेले होते. मी उठून खुर्ची पुढे केली.

"राहू दे," ती म्हणाली. "काका येईपर्यंत थांबते मी."

आणि दाराजवळच्या बाकावर, खोकत, बसून राहिली.